हौशी लेखणी आणि परमुलखातील देव

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मंडळींच्या हौशी लेखनाविषयी जे काही लिहिले जाते, त्यात कौतुक फार असते. इतक्या दूर राहून हे लोक मराठीत लिहितात, हेच पुष्कळ झाले, असा त्या कौतुकाचा सूर असतो. या सुराने लेखकाचे मन राखले जाते, परंतु त्याच्या लेखनाचे काहीच होत नाही. आमच्या मते या लेखनाशी भांडण्याइतकी आस्था कुणी तरी दाखविली पाहिजे. आणि भांडावयाचेच तर ते त्यातील सर्वांत मोठ्या विषयाशी, म्हणजे देवाशी, भांडावे हे बरे.

जुनवानी हे भिलाईला लागलेले गाव. येथे आम्ही काही मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बैठकीत जमतो. कुणी रेल्वेत, कुणी आयकरात, कुणी टपालात, कुणी पोलाद कारखान्यात. ज्याने काही लिहिले असेल त्याने ते वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, मग पोहे. या बैठकींतून कानांवर आलेल्या कवितांचा मोठा भाग देवाविषयीचा असतो. गणपतीच्या आणि आषाढीच्या सुमारास तर दुसरे काही ऐकावयास मिळणे दुर्मिळ. या कवितांत देव चराचरात भरलेला असतो, कणाकणांत असतो, अनंत असतो, करुणासागर असतो. फक्त कवीच्या घरात तो कधी दिसत नाही. कवी कोणत्या गावी राहतो, त्याने देवाकडे शेवटचे काय मागितले, ते मिळाले की नाही, न मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पूजा केली की टाळली, यांपैकी काहीही त्या कवितेवरून कळत नाही. तीच कविता नाशिकात लिहिली असती, इंदुरात लिहिली असती किंवा शंभर वर्षांपूर्वी लिहिली असती, तरी तिच्यात एका अक्षराचा फरक पडला नसता.

याच्या उलट टोकाला, क्वचित एखादा तरुण नास्तिकाची कविता घेऊन येतो. तिच्यात देव मेलेला असतो, मंदिरे दगडांची असतात आणि पुजारी लबाड असतात. ऐकणारे अस्वस्थ होतात आणि तरुणास वाटते की आपण काही धाडस केले. वस्तुतः ही कविताही पहिलीइतकीच उसनी असते. आगरकरांनी 1888 साली 'सुधारक' काढून देवतांच्या उत्पत्तीची जी चिकित्सा मराठीत केली, तिच्यामागे त्यांनी स्वतः मोजलेली किंमत होती. आमच्या तरुणास तो प्रश्न पडण्यापूर्वीच त्याचे उत्तर छापील मिळालेले असते. भाबडी आरती आणि भाबडे बंड यांत, कवितेच्या दृष्टीने, निवड करण्याजोगे काही नाही.

असे का होते याचा आम्ही पुष्कळ विचार केला. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाचा देव एकीकडे असतो आणि भाषा एकीकडे. भाषा त्याला रस्त्यावर, बाजारात, कचेरीत, सगळीकडे फुकट मिळते. परमुलखात तसे नाही. येथे दिवसभर हिंदी बोलावी लागते, मुले छत्तीसगढी शिकून येतात, आणि मराठी उरते ती मुख्यतः गणपतीच्या आरतीत, सत्यनारायणाच्या पूजेत आणि हळदीकुंकवात. त्यामुळे देव आणि मराठी यांची एकाच गाठोड्यात बांधाबांध होते. मग एखाद्याने कवितेत देवाविषयी शंका काढली की ऐकणाऱ्यांस वाटते, याने आपल्या मराठीपणावरच शंका काढली. ही भीती आम्हांस समजते, आणि तिच्यात खोटे असे काही नाही. परंतु या भीतीपोटी हौशी लेखकाला त्याच्या आयुष्यातील सर्वांत खोल प्रश्न बैठकीच्या बाहेर, चपलांशेजारी ठेवून आत यावे लागते. मग आत येऊन तो करुणासागरावर लिहितो.

या प्रश्नाचे एक उदाहरण आमच्या अगदी उशाशी आहे, आणि ते येथील मराठी माणसांस फारसे आठवत नाही याचे नवल वाटते. दुर्गहून गाडीत बसले की तासाभराच्या आत राजनांदगाव येते. 1893 साली नागपुराहून या राजनांदगावास निघालेल्या गाडीत बत्तिशीच्या आसपासचे एक मराठी कवी बसले होते. नाव नारायण वामन टिळक. हेतू आपल्यासारखाच, नोकरी. राजनांदगाव हे त्या काळी वैष्णव बैरागी महंतांच्या गादीचे संस्थान होते, आणि तेथे काही काम मिळेल अशी टिळकांस आशा होती. नागपुरात 'ऋषि' नावाच्या मासिकातून त्यांनी धर्मविषयक चर्चा चालविली होती. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांवरून त्यांचे मन उडालेले होते, आणि एखादा नवा धर्म आपणच स्थापावा इथपर्यंत त्यांच्या विचारांची मजल गेली होती. त्या डब्यात त्यांच्यासमोर अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक गोरे मिशनरी बसले होते. बोलणे निघाले ते काव्याचे आणि धर्माचे. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांस ते भाकीत काही पटले नाही. परंतु दिलेला शब्द पाळावयाचा म्हणून, लक्षात ठेवण्याजोग्या जागी पेन्सिलीने खुणा करीत, ते पुस्तक वाचू लागले. पहिली पाने कोरडी गेली. गिरिप्रवचनाशी आल्यावर मात्र त्यांस पुढे सरकवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

धर्मांतर योग्य की अयोग्य, हा वाद येथे घालण्याचे आम्हांस कारण नाही. साहित्याच्या दृष्टीने आम्हांस महत्त्वाची वाटते ती पेन्सिल. श्रद्धेचा एवढा मोठा उलथापालथीचा प्रसंग, आणि त्याची सुरुवात एका वाचकाच्या सवयीने झाली. तसेच, धर्म बदलला तेव्हा टिळकांस भाषा बदलावी लागली नाही, हेही पाहण्याजोगे आहे. उलट ते अभंगांकडेच अधिक ओढले गेले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. 1912 पासून 1919 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदया'चा मराठी भाग सांभाळला आणि मराठी चर्चमध्ये टाळ-मृदंगाच्या वळणाची पदे आणली. देव गेला की मराठी जाईल, हे भय ज्या कुणास वाटत असेल त्याने टिळकांकडे पाहावे. त्यांच्या बाबतीत जुना देव सुटला आणि मराठी होती त्याहून घट्ट झाली.

तथापि टिळकांची कविता आज आपणांस सगळी आपलीशी वाटते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. त्यांच्या भक्तिपर पद्यात गोडवा आहे, प्रासाद आहे, पण निवाडा आधी होऊन गेलेला आहे. वाचणाऱ्याला फक्त निकाल ऐकावयाचा असतो. ज्या हौशी कवींविषयी आम्ही वर लिहिले, त्यांचा आणि टिळकांचा दोष या एका जागी सारखा आहे, प्रतिभेत अंतर असले तरी. आणि याच घरात, याच प्रसंगावर, एका हौशी लेखणीने टिळकांच्या पुढचे काम केले, ती लेखणी त्यांच्या पत्नीची.

लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या शिकवणीने, तीही रडतखडत. आपण साहित्यिक आहोत असे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. मुलाच्या आग्रहावरून जुन्या आठवणी लिहावयास घेतल्या, त्या 'संजीवनी'त क्रमशः छापून आल्या, आणि 1934 ते 1936 या काळात 'स्मृतिचित्रे' चार भागांत पुस्तकरूपाने निघाली; चौथा भाग अपुरा राहून त्या 1936 च्या फेब्रुवारीत वारल्या. मराठी गद्यातील हे एक थोर पुस्तक एका हौशी बाईने लिहिले, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी वारंवार स्वतःस सांगावी अशी आहे.

या पुस्तकात श्रद्धेचा प्रश्न कसा येतो ते पाहावे. लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. असे लहानपण गेलेल्या बाईचा नवरा एके दिवशी ख्रिस्ती होतो. ती तुटते, नातेवाइकांच्या आश्रयाने काही वर्षे काढते, मग नवऱ्याकडे परत येते, पण चूल वेगळी, पाणी वेगळे. नवरा तिच्यावर सक्ती करीत नाही. आणि मग एकदा एकटी विचार करीत बसली असता तिला उमगते की हे भेद देवाने घातलेले नसून माणसांनी घातलेले आहेत. आणि त्या दिवसापासून ती कुणाच्याही हातचे पाणी घेऊ लागते. एवढेच. येथे आत्मा, परमात्मा, मोक्ष यांपैकी एकही शब्द लागत नाही. तत्त्वज्ञानातील एक फार कठीण प्रश्न, देवाची आज्ञा कोणती आणि माणसाची रूढी कोणती, पाण्याच्या एका भांड्यावर सुटतो. टिळकांनी या विषयावर लेख लिहिले, पदे लिहिली, व्याख्याने दिली. लक्ष्मीबाईंनी पाणी प्यायल्याचे सांगितले. आज आपण वाचतो ते लक्ष्मीबाईंना.

त्यांच्या लेखनातील विनोदाकडेही आमच्या भक्तिकवींनी लक्ष द्यावे. नवऱ्याचा भोळा दातृत्वाचा स्वभाव, त्याचा संताप, घरात पैसा नसणे आणि पाहुणा असणे, हे सगळे त्या हसत सांगतात, आणि ज्या माणसाने आपले आयुष्य उलथेपालथे केले त्याच्याविषयीचे प्रेम त्या हसण्यातून ओसंडते. श्रद्धा गंभीर असते म्हणून तिच्याविषयीची वाक्येही गंभीरच पाहिजेत, हा आपला एक हट्टी समज आहे. पुढे टिळकांनी अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. त्यातले पहिले दहा-एक अध्याय टिळकांचे, बाकीचा मोठा ग्रंथ त्यांचा. ते काव्य 'स्मृतिचित्रां'च्या तोडीचे नाही. ओवी हाती घेतल्याबरोबर त्याही थोड्या चौरंगावर चढून बसतात. गद्यात त्या जमिनीवर होत्या.

कुणी म्हणेल, देवाविषयी उघड शंका घेणे हे आपल्या परंपरेत बसत नाही. असे म्हणणाऱ्याने तुकाराम पुन्हा वाचावा. विठोबाशी हा माणूस भांडतो, त्याला दिवाळखोर ठरवितो, तो आहे की नाही असाही संशय बोलून दाखवितो, आणि हे सगळे देहूच्या एका दुकानदाराने, विद्वानांच्या परवानगीवाचून. त्याची वाणी टिकली ती लोकांनी कीर्तनात आणि वह्यांत एकमेकांस वाटून घेतल्यामुळे. सरकारी नोकरांनी अभिमानाने ध्यानी ठेवावी अशी गोष्ट म्हणजे 1869 साली निघालेल्या गाथेच्या आवृत्तीसाठी मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये मंजूर केले होते. देवावर संशय घेणाऱ्या कवीसाठी एवढी रक्कम मंजूर करताना कोणत्या कारकुनाने टिपण लिहिले असेल, आणि त्यात 'लोकोपयोगी कार्य' या सदराखाली काय भरले असेल, हे पाहावयास आम्हांस फार आवडले असते.

राजनांदगावाचे नाव निघाले आहे तर तेथील दुसऱ्या एका मराठी माणसाचा उल्लेख टाळता येत नाही. गजानन माधव मुक्तिबोध हे घरचे मराठी, लिहिले मात्र हिंदीत. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतले नामवंत कवी. गजानन माधव 1958 पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते आणि 1964 च्या सप्टेंबरात दिल्लीस वारले. 'एक साहित्यिक की डायरी' या त्यांच्या पुस्तकात कलेच्या तीन क्षणांची कल्पना आहे. पहिला क्षण जीवनातील तीव्र अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांसमोर एक चित्र होऊन उभा राहतो. तिसरा क्षण ते चित्र शब्दांत येण्याचा. हौशी लेखनाचे निदान करण्यास याहून सोयीचे उपकरण आम्हांस ठाऊक नाही. हौशी कवीकडे पहिला क्षण बहुधा खरा असतो. आईचे आजारपण, मुलाचे अपयश, रात्री कचेरीतून परतताना मनात आलेला एकटेपणा. पण दुसऱ्या क्षणात थांबण्यास त्याला सवड नसते, किंवा धीर नसतो. तो पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी घेतो, आणि तेथे त्याला झेलावयास तयार शब्द उभे असतात, चराचर, अनंत, करुणासागर. श्रद्धेच्या विषयात हे अधिक घडते, कारण या विषयाला तयार शब्दांचा पुरवठा मोठा आहे. मुक्तिबोधांच्याच इतिहासविषयक पाठ्यपुस्तकावर 1962 साली मध्यप्रदेश सरकारने बंदी घातली, हे जाता जाता सांगितले पाहिजे. येथल्या मातीत विचार करणे फुकटचे कधी नव्हते.

मर्ढेकरांविषयी थोडक्यात. ते आकाशवाणीचे अधिकारी, म्हणजे केंद्र सरकारचे नोकर, बदल्यांचे धनी. 1956 साली दिल्लीत वारले. 'काही कविता' हा त्यांचा संग्रह 1947 साली आला, त्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यातून ते निर्दोष सुटले. या माणसाने संतांचे छंद घेतले आणि त्यांत गिरण्या, पिंपे, उंदीर आणि यंत्रे भरली, आणि त्याच छंदात देवापुढे हातही जोडले. पोलाद कारखान्याच्या धुराड्यांखाली राहून ज्यांस अजून वृंदावन आणि कदंबच सुचतो, त्यांनी एवढे उदाहरण पाहिले तरी पुरे.

आता आमच्या बैठकीत वाचल्या गेलेल्या एका कवितेविषयी, कारण हा लेख लिहावयास तीच कारण झाली. कवी हिशेबखात्यातील एक गृहस्थ, वय चाळिशीच्या पुढे, आजवर नाव घेण्याजोगे काही लिहिलेले नाही. कविता चार कडव्यांची, विषय बदलीचा. पहिल्या कडव्यात सामानाची बांधाबांध आहे; देव्हाऱ्यातील बाळकृष्ण, बायकोने माहेराहून आणलेली अन्नपूर्णा, वडिलांच्या वेळचा खंडोबाचा टाक, हे सगळे जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवले आहेत, वाटेत वाजू नयेत म्हणून. दुसऱ्यात ट्रकचा रात्रीचा प्रवास. तिसऱ्यात नवी जागा. नव्या कामाच्या गर्दीत महिनाभर तो डबा उघडलाच जात नाही, पूजा होत नाही, आणि काहीही घडत नाही. कुणी आजारी पडत नाही, पगार थांबत नाही. काहीच घडले नाही, याची त्या माणसाला रात्री अंथरुणावर भीती वाटते.

येथे बैठक गप्प झाली. एक वृद्ध काकू मात्र चटकन म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे महिनाभर देव उपाशीच की!" सगळे हसले, पण त्या थट्टा करीत नव्हत्या. आमच्या मते त्या संध्याकाळी झालेली ती सर्वांत अचूक टीका होती, कारण कवीचा देव त्या क्षणी काकूंस खराखुरा दिसला होता, डब्यात, भुकेला.

मग चौथे कडवे आले. त्यात कवी डबा उघडतो, क्षमा मागतो, आणि देव कणाकणांत असल्याने तो डब्यात होता की बाहेर याला काही अर्थ नाही असे सांगतो. टाळ्या पडल्या, मंडळींचा जीव भांड्यात पडला. आम्हांस ते कडवे म्हणजे कारणे दाखवा नोटिशीला दिलेला खुलासा वाटला. तिसऱ्या कडव्यात जो प्रश्न उभा राहिला होता तो असा: ज्या देवाच्या रागाचे मला भय होते, त्याने रागावू सुद्धा नये, मग त्याचे आणि माझे नाते काय? हा प्रश्न आस्तिकाचाही आहे आणि नास्तिकाचाही. शिक्षा होत नाही म्हणून देव नाही, असेही त्यातून निघते. आणि शिक्षा करतो तो देवच नव्हे, इतके दिवस आपण देवाच्या जागी एका कडक वरिष्ठाला बसविले होते, असेही निघते. कवितेने यांपैकी एक निवडलेच पाहिजे असे नाही. परंतु कणाकणांत म्हटले की निवडीचा प्रश्नच उरत नाही, आणि तिसऱ्या कडव्यातील माणूस नाहीसा होतो. चौथ्या कडव्याला टाळ्या वाजविणाऱ्या श्रोत्यांचाही यात वाटा आहे. ते शब्द येताच सुटल्यासारखे होणारे श्रोते समोर असले, की लिहिणाऱ्याचा हात आपोआप तिकडे वळतो.

पोहे खाताना आम्ही त्या गृहस्थांस विचारले, "डबा प्रत्यक्षात कसा उघडलात?" ते जरा ओशाळले. म्हणाले, त्यात क्षमाबिमा काही नव्हते. एका रात्री अचानक पाहुणे आले, घरातला तांदूळ संपला होता, दुकाने बंद झालेली. बायकोने देवांच्या डब्यात हात घातला, आणि तांदळाबरोबर अन्नपूर्णा हाताशी आली. तिने ती पदराने पुसून फडताळावर ठेवली आणि भात टाकला. दुसऱ्या दिवसापासून पूजा आपोआप सुरू झाली.

चौथे कडवे हेच आहे, असे आम्ही त्यांस सांगितले. त्यांचे म्हणणे पडले की देवाच्या डब्यातला तांदूळ पाहुण्यांस शिजवून घातला असे लिहिले तर लोक हसतील. काकू हसल्या नव्हत्या, हे आम्ही त्यांच्या ध्यानी आणून दिले. कविता ते घरी घेऊन गेले आहेत. पुढची बैठक त्यांच्याकडेच आहे.